विश्लेषण : जुन्या ट्रॅक्टरला जुना लोडर बसवताना नेमके काय पाहावे?

सीना नदीला सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पुराने सोलापूर जिल्ह्यातील माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत नदीकाठची जमीन कुठे खरडून नेली, तर कुठे तिच्यावर गाळ आणून टाकला. खरडलेल्या जमिनीसाठी शासनाने मदत जाहीर केली. पण माती भरायची, गाळ उचलायचा, बांध पुन्हा घालायचे तर यंत्र लागते. जेसीबी तासावर मिळते आणि सगळ्यांना ती एकाच वेळी हवी असते. अशा वेळी दारात उभा असलेला पंधरा-वीस वर्षांचा ट्रॅक्टर आणि कुठेतरी विक्रीला असलेला वापरलेला फ्रंट लोडर, ही जोडी अनेकांना परवडणारी वाटते. ती जमू शकते. मात्र लोडर घेताना शेतकरी ज्या गोष्टी पाहतो त्या बहुतेकदा दुय्यम असतात, आणि ट्रॅक्टर ज्या ठिकाणी मोडतो तिकडे कुणी बघत नाही.

लोडर जेसीबीचे काम करतो का?

नाही, आणि हे आधी समजून घेतलेले बरे. गावाकडे मातीचे काम करणाऱ्या प्रत्येक पिवळ्या यंत्राला जेसीबी म्हणतात. मुळात ते एका ब्रिटिश कंपनीचे नाव. तिने भारतात १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगड येथे उत्पादन सुरू केले. त्या यंत्राची चेसिस, पुढचा एक्सेल, गिअर हे सगळे खोदण्या-उचलण्यासाठीच बनवलेले असते. शेतीचा ट्रॅक्टर मागून ओढण्यासाठी बनवलेला असतो. त्याचे जड चाक मागे, ब्रेक मागे, लिफ्ट मागे. पुढची चाके जवळजवळ दिशा देण्यापुरती.

म्हणून ट्रॅक्टरवरचा लोडर सुटा माल उचलतो : उकिरड्यातले शेणखत, कारखान्याची प्रेसमड, मोकळी माती, टाकून ठेवलेला मुरूम. घट्ट जमीन तो खोदत नाही. पुराचा गाळ वाळून टणक झाला असेल तर आधी फणणी किंवा कल्टिव्हेटर मारून तो मोकळा करावा लागतो, मग बकेटने भरता येतो. बकेट जमिनीत घुसवून ट्रॅक्टर रेटला तर लोडरचे हात पिळवटतात आणि एकदा पिळवटलेला हात पुन्हा सरळ होत नाही.

ट्रॅक्टर नेमका कुठे मोडतो?

जुन्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चेसिस नसते. पुढचा सपोर्ट, इंजिन, क्लच हाउसिंग, गिअर बॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि हीच ओळ ट्रॅक्टरचा कणा असते. हे भाग बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे. बीड दाब चांगला सोसते, वाकणे आणि ओढ सोसत नाही. लोडरचे ओझे पुढे लटकते तेव्हा हा कणा इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या जोडावर वाकू पाहतो.

त्यामुळे लोडरचा सब-फ्रेम, म्हणजे ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंनी धरणारा सांगाडा, पुढच्या सपोर्टपासून थेट मागच्या एक्सेलच्या हाउसिंगपर्यंत गेलेला असावा लागतो. ओझ्याचा ताण मग बिडावर न येता पोलादी पट्ट्यांतून मागे जातो. वापरलेल्या लोडरची गोम इथेच आहे. हात, बकेट, जॅक कोणत्याही ट्रॅक्टरला थोड्याफार फरकाने चालतात. सब-फ्रेम मात्र एकाच मॉडेलच्या मापाचा असतो. स्वराजवरून उतरवलेला लोडर महिंद्रावर चढवायचा तर सांगाडा नवा करावा लागतो, आणि तो खर्च वाचवण्यासाठी वर्कशॉपमध्ये अर्धाच, इंजिनपर्यंतचा सांगाडा करून दिला जातो. पहिला हंगाम तो टिकतो. मग जोडाजवळ तेल पाझरू लागते, बोल्ट सैल होतात आणि एक दिवस क्लच हाउसिंगला तडा दिसतो.

बिडाला पट्टी वेल्डिंग करून पकडणे हा दुसरा शॉर्टकट. साध्या रॉडने बिडावर मारलेल्या टाक्याच्या कडेला धातू ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. कंपनीने आधीच आटे पाडून ठेवलेल्या छिद्रांचा उपयोग करून हाय टेन्साइल बोल्ट वापरावेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा अंक असतो. नुसत्या गुळगुळीत डोक्याचा बोल्ट इथे चालत नाही. ट्रॅक्टर एचएमटीचा असेल तर आणखी विचार करावा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्या कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. हाउसिंग फुटले तर दुसरे जुन्या मालातच शोधावे लागते.

पुढच्या एक्सेलवर किती वजन येते?

हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, तरी तो क्वचितच केला जातो. समजा ट्रॅक्टर १,८५० किलोचा आहे आणि दोन्ही एक्सेलमधील अंतर १.९५ मीटर. साधारण ४० टक्के वजन पुढे धरले तर पुढच्या एक्सेलवर ७४० आणि मागे १,११० किलो. आता ४०० किलोचा लोडर बसवला, त्याचा तोल पुढच्या एक्सेलच्या ४० सेंटिमीटर पुढे येतो. बकेटमध्ये ५०० किलो ओला गाळ भरला, तो एक्सेलच्या १.२ मीटर पुढे आहे.

तरफेच्या नियमाने लोडर स्वतःच पुढच्या एक्सेलवर ४८० किलो टाकतो आणि बकेटमधले ५०० किलो तिथे ५०० नव्हे, सुमारे ८१० किलो होऊन बसतात. एकूण पुढचा भार २,०३० किलो. आधीच्या पावणेतीन पट. मागे मात्र १,११० किलोंचे ७२० उरतात. जुन्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि ओढही तीच चाके करतात. म्हणजे ओझे वाढते तेव्हाच ब्रेकची पकड कमी होते.

यावरचा उपाय मागे वजन लावणे. थ्री-पॉइंट लिफ्टवर, मागच्या एक्सेलपासून एक मीटर मागे, ४०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा लावला तर मागचा भार १,३२५ किलोपर्यंत जातो आणि पुढचा २०० किलोंनी हलका होतो. ट्रॅक्टरचे एकूण वजन वाढूनही पुढचा एक्सेल सुटतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. टायरमध्ये पाणी भरण्याने ब्रेकची पकड वाढते. पण ते वजन मागच्या एक्सेलवरच असल्याने पुढचा भार त्याने कमी होत नाही. नांगर किंवा रोटाव्हेटर मागे अडकवून काम भागवता येते, फक्त वळताना ते कशाला धडकणार नाही एवढे पाहावे.

लोडर घेण्याआधी म्हणूनच ट्रॅक्टरचे पुढचे चाक जॅकवर उचलून हलवून बघावे. किंगपिनमध्ये, हबच्या बेअरिंगमध्ये, एक्सेलच्या मधल्या पिनच्या बुशमध्ये आधीच खेळ असेल तर तो खर्च लोडरच्या किमतीत धरावा. पुढच्या टायरवर किती प्लायचा आहे आणि किती भार सोसतो हे छापलेले असते. स्टिअरिंग मेकॅनिकल असेल तर भरलेल्या बकेटसह उभ्या जागी ते वळत नाही. जोर लावून वळवले तर स्टिअरिंग बॉक्सचे दाते जातात. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरवर रोजच्या कामाचा लोडर बसवू नये, असे म्हणायला हरकत नाही.

ट्रॉली उचलणाऱ्या हायड्रॉलिकवर लोडर चालेल?

सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नाभोवती आहे. टिपिंग ट्रॉली उचलण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे तेलाची एक लाइन काढलेली असते. ट्रॉलीचा जॅक एकेरी असतो : तेल गेले की वर, सोडले की ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली. लोडरला चार जॅक लागतात, दोन हात उचलण्यासाठी आणि दोन बकेट वळवण्यासाठी. हे जॅक दुहेरी असतात. तेल एका बाजूने जाते तेव्हा दुसऱ्या बाजूने परत यावे लागते. त्यासाठी दोन लिव्हरचा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि टाकीत मोकळी परतणारी लाइन हवी. ट्रॉलीची एकच लाइन त्याला पुरत नाही.

व्हॉल्व्ह बसवताना आणखी एक अडचण येते. जुन्या ट्रॅक्टरमध्ये पंपाचे तेल सतत फिरत असते. ते लोडरच्या व्हॉल्व्हमधून थेट टाकीत सोडले तर मागची लिफ्ट मरते, नांगर उचलला जात नाही. म्हणून व्हॉल्व्हला तिसरे तोंड लागते, जे लोडर वापरात नसताना तेल पुढे लिफ्टकडे पाठवते. दुकानात त्याला पॉवर बियाँड म्हणतात. ते नसलेला व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो. काही कारागीर मग त्याचे परतीचे तोंडच लिफ्टला जोडतात. त्या तोंडावर पूर्ण दाब सोसण्याची रचना नसते, आणि लिफ्ट जड उचलायला गेली की सील उडतात, कधी व्हॉल्व्हच फुटतो.

पंप किती तेल देतो हेही पाहावे लागते. ६३ मिलिमीटर बोअरचा आणि ६०० मिलिमीटर स्ट्रोकचा एक जॅक भरायला सुमारे १.९ लिटर तेल लागते, दोघांना मिळून पावणेचार. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर हात पूर्ण वर जायला ११ सेकंद. हे चालण्यासारखे आहे. जास्त ताकदीच्या हौसेने ८० मिलिमीटरचे जॅक लावले तर तेच काम १८ सेकंदांवर जाते. आणि ताकदीची गरज तरी कुठे असते? १५० बार दाबाला ६३ मिलिमीटरचे दोन जॅक मिळून साडेनऊ टनांचा रेटा देतात. जॅक बिजागराजवळ ढकलतो आणि बकेट लांब असते, त्यामुळे त्यातला आठवा हिस्सा बकेटपाशी पोहोचला तरी ते सव्वा टनाच्या जवळ जाते. त्याच्या निम्मे ओझेही एक्सेलला जड आहे. तरी ‘लोडर उचलत नाही’ म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून दाब वाढवण्याची युक्ती सर्रास केली जाते. रिलीफ व्हॉल्व्ह हा ट्रॅक्टरचा फ्यूज आहे. तो जाम केला की मग पंप, होज किंवा हाउसिंग फ्यूजचे काम करते.

मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचा पंप मागच्या हाउसिंगच्या आत, पीटीओच्या शाफ्टवर चालणारा असतो. तो लिफ्टपुरता उत्तम. लोडरसाठी त्याचे तेल कमी पडते. अशा ठिकाणी वेगळा गिअर पंप आणि वेगळी टाकी बसवणे सोयीचे. तो पंप पुढे इंजिनच्या क्रँकवर घ्यायचा की मागे पीटीओवर, हा प्रश्न ड्रायव्हरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. क्लच एकेरी असेल आणि पंप पीटीओवर असेल तर क्लच दाबताच पंप थांबतो, आणि लोडरच्या कामात क्लच दर मिनिटाला दाबावा लागतो. पुढे क्रँकवर घेतलेला पंप क्लच दाबला तरी चालत राहतो. वेगळ्या टाकीचा आणखी एक फायदा म्हणजे जुन्या लोडरच्या जॅकमधला गंज आणि कचरा ट्रॅक्टरच्या गिअर बॉक्समध्ये जात नाही. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते.

क्लचचा विषय निघालाच आहे तर, लोडरचे काम म्हणजे पुढे, मागे, पुढे, मागे. जुन्या गिअर बॉक्समध्ये त्यासाठी दर वेळी ट्रॅक्टर पूर्ण थांबवावा लागतो. एका नांगरटीच्या हंगामात क्लच प्लेटवर जेवढी झीज होत नाही तेवढी लोडरच्या काही आठवड्यांत होऊ शकते.

वापरलेला लोडर कसा तपासावा?

नवा रंग मारलेला असेल तर आधी रंगाखाली काय आहे ते विचारावे. तडे बहुधा हात जिथे खांबाला जोडतो त्या बिजागरापाशी आणि बकेटच्या कानापाशी जातात. तिथे वेल्डिंगचे जाड टाके दिसले तर हात एकदा तुटून जोडलेला आहे. बकेट सपाट फरशीवर टेकवावी. एक कोपरा वर राहत असेल तर हात पिळलेला आहे. जॅकचा रॉड पुसून नखाने चाचपावा. क्रोम उडून खड्डे पडले असतील तर नवे सील महिनाभरही टिकत नाहीत. शक्य असेल तर भरलेली बकेट अर्ध्यावर उचलून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे. बोटभर उतरली तर चालते, हातभर उतरली तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे.

होजवर बनवल्याची तारीख छापलेली असते. उन्हात पडून चिरा गेलेले होज बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा. गळती शोधताना मात्र हात फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशा वेळी मलम लावून घरी बसू नये, तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गळती पुठ्ठा धरून शोधतात.

माप घ्यायला टेप सोबत न्यावा. खांबांमधली रुंदी, पुढची चाके पूर्ण वळल्यावर सुटणारी जागा, बॉनेट उघडते का, आणि आपल्या ट्रॉलीच्या फळीपेक्षा बकेट अर्धा फूट तरी वर जाते का. बकेटचा आकारही मालावर ठरतो. ०.३ घनमीटरच्या बकेटमध्ये कुजलेले शेणखत दोनशे किलोंच्या आसपास बसते, ओला गाळ किंवा मुरूम पाचशे किलोंवर जातो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अशा दहा बकेटा. सांगोला-पंढरपूर भागात डाळिंबाच्या बागांना बहराआधी खत भरताना जी मोठी बकेट सोयीची, तीच गाळावर धोक्याची.

उलटण्याचा धोका किती?

जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सेल मधल्या पिनवर डुलतो. म्हणजे तोलाच्या दृष्टीने ट्रॅक्टर चार चाकांवर नसून मागची दोन चाके आणि ती पिन अशा त्रिकोणावर उभा असतो. बकेट वर असताना मागचे एक चाक खड्ड्यात गेले की तोल या त्रिकोणाबाहेर जायला फार काही लागत नाही. पुराने पोखरलेल्या बांधावर तर जमीन वरून घट्ट दिसते आणि चाकाखाली खचते. चालताना बकेट जमिनीपासून फूटभरच असावी, वर फक्त ट्रॉलीपाशी करावी. जुन्या ट्रॅक्टरला वर संरक्षक कमान नसते. बकेटमध्ये माणूस उभा करून तारा बांधणे, आंबे उतरवणे हे प्रकार होतात; होज फुटला तर बकेट क्षणात खाली येते. दुरुस्तीसाठी हाताखाली जायचे असेल तर आधी भक्कम टेकू द्यावा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नांगरासारखे काढता-घालता येणारे अवजार आणि कायमचा बदल यांत फरक आहे. पण सांगाडा कापून, वेल्डिंग करून बसवलेला लोडर कोणत्या बाजूला पडेल, हे तपासणारा अधिकारी ठरवतो. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर नूतनीकरणासाठी ट्रॅक्टर तपासणीला न्यावा लागतो. त्यामुळे बोल्टने बसणारा, उतरवता येणारा लोडर घ्यावा आणि सोलापूर किंवा अकलूजच्या परिवहन कार्यालयात आधीच लेखी विचारून ठेवावे. विमा कंपनीलाही कळवावे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

दुसरा मुद्दा मालाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली विनापरवाना मुरूम, वाळू उचलल्यास बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होतो आणि यंत्रही जप्त होते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत, जी २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा राबवली गेली, तलावातला गाळ शेतासाठी नेता येतो. त्यासाठी ग्रामपंचायत व संबंधित विभागाकडे रीतसर नोंद करावी. गाळाच्या नावाखाली वाळू निघाली तर योजना मदतीला येत नाही.

खर्चाचा मेळ बसतो का?

लोडरची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. नवा सब-फ्रेम, व्हॉल्व्ह, पंप आणि टाकी, होज, पुढचे टायर आणि बेअरिंग, मागचे वजन हे सगळे धरले की आकडा लोडरच्या किमतीइतका किंवा त्याहून मोठा होतो. महाडीबीटीवरून मिळणारे यांत्रिकीकरणाचे अनुदान नव्या, चाचणी झालेल्या अवजारांना असते; वापरलेल्या लोडरला ते नाही. एक रकमी खर्चाला जेसीबीच्या आपल्या भागातील तासाच्या दराने भागले की किती तासांत पैसे फिटतात ते कळते. पूर आला म्हणून एकदाच शंभर ट्रॉल्या गाळ काढायचा असेल तर चार शेजाऱ्यांनी मिळून जेसीबी सांगणे स्वस्त पडते. गोठा मोठा आहे, बागेला दर वर्षी खत भरायचे आहे, मजूर मिळत नाहीत, अशा घरी लोडर दोन-तीन हंगामांत वसूल होऊ शकतो.

आणि ४० अश्वशक्तीच्या आतला, पॉवर स्टिअरिंग नसलेला ट्रॅक्टर असेल तर थ्री-पॉइंटवर मागे बसणारे सूप किंवा लेव्हलर ब्लेड अधिक बरे. ट्रॉली भरता येत नाही, पण शेतातल्या शेतात माती ओढून पसरता येते, ओझे मागच्या एक्सेलवर राहते आणि कशालाही छिद्र पाडावे लागत नाही. लोडरच घ्यायचे ठरले तर बसवल्यानंतर पहिल्या दहा तासांच्या कामानंतर सब-फ्रेमचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि त्यातला एखादा वारंवार सैल होत असेल तर तो बोल्ट बदलण्याआधी सांगाडा वाकतोय का ते तपासावे.